नियमांतील अव्याख्यात शास्त्रीय संज्ञा

पीटर स्यूबर यांनी 1982 साली रचलेल्या 'नॉमिक' या खेळात नियम बदलणे हीच खेळी असते. संहिता खेळाडूच मिळून घडवितात. साहजिकच तिच्यात व्याख्या न केलेल्या संज्ञा शिरतात आणि त्यांचा अर्थ लावण्याचे काम निवाडा करणाऱ्या खेळाडूवर येते. नियम मूक, विसंगत वा संदिग्ध असतील तेथे त्याने खेळातील रूढी व खेळाचे तात्पर्य प्रथम पाहावे, असे स्यूबर यांची मूळ नियमावली सांगते. 1993 मध्ये सुरू झालेल्या 'आगोरा' या नॉमिकमध्ये याहून निराळा क्रम घातलेला आढळतो : प्रामुख्याने गणितात वा कायद्यात वापरल्या जाणाऱ्या संज्ञेस तेथील अर्थ, इतर शब्दांस व्यवहारभाषेतील अर्थ. भौतिक व जीवशास्त्रांचा उल्लेख नाही. म्हणजे त्यांच्या संज्ञाही व्यवहारभाषेकडेच जातात.

हा अनुल्लेख सर्वस्वी सदोष नाही. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या फळ असलेला टोमॅटो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1893 साली जकातीपुरता भाजीच ठरविला. अकोल्याच्या विक्रीकर प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये विड्याचे पान 'व्हेजिटेबल' नव्हे असा निर्णय दिला, तोही लोकव्यवहाराच्याच आधारे. (कायद्यात मराठी 'भाजी' हा शब्द असता, तर हा वाद बहुधा उद्भवलाच नसता.)

खरी अडचण पुढे आहे. समजा, नियमाने प्रत्येक खेळाडूस 'ऊर्जे'ची दहा एकके दिली व दर खेळीस एक खर्च होईल असे म्हटले. ऊर्जा नष्ट होत नाही, तेव्हा खर्चलेले एकक कोणाच्या तरी खाती जमा झालेच पाहिजे, असा दावा एखादा चतुर खेळाडू करील. तो फेटाळावा, कारण संज्ञेचा अर्थ निराळा आणि तिच्याविषयीचे सिद्धान्त निराळे. ऊर्जेच्या अक्षय्यतेवर खेळाडूंनी मत दिलेले नाही.

उलट, गुणांचे 'अर्धायुष्य' तीन फेऱ्या आहे असे नियमात असल्यास व्यवहारभाषा काहीच सांगत नाही. आठ गुणांचे तीन फेऱ्यांनंतर चार व सहा फेऱ्यांनंतर दोन उरतात, शून्य नव्हे. हे शास्त्रीय व्याख्या घेतल्यावाचून कळणार नाही. येथे 'आगोरा'चा क्रम अपुरा पडतो. तथापि अणूंच्या ऱ्हासातील यदृच्छा त्याबरोबर गुणांना चिकटविण्याचे कारण नाही.

व्याख्या पुढल्या खेळीत करता येईल, हे उत्तर पुरेसे नाही. स्यूबर यांच्या नियमावलीत नियमबदलास पूर्वलक्षी प्रभाव नाही, आणि निवाडा फिरवावयाचा तर इतर सर्व खेळाडूंचे एकमत लागते. वादग्रस्त खेळीपुरता त्या एका खेळाडूने लावलेला अर्थच बहुधा कायम राहतो.