पट्टी आणि पल्ला

गेल्या दिवाळीत, फराळाची ताटे उचलली जाण्यापूर्वीच, गारखेड्यातील आमच्या घरी एक वाद पेटला. धाकट्या पुतण्याने ठासून सांगितले, "काका, फ्रेडी मर्क्युरीचा आवाज चार सप्तकांचा होता. तुमच्या गवयांत आहे का कुणी असा?" माझे कान बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिकांवर पोसलेले. मी लगेच शेरा मारला, "आरडाओरड मोजायला सप्तके कशाला हवीत?" शेरा मारणे सोपे असते, तो टिकवणे अवघड. तेव्हा कोपऱ्यातली पेटी काढली, आणि पुढचे चार दिवस एकेक गाणे ऐकावे व त्याचा स्वर पेटीवर शोधावा, असा उद्योग मांडला. त्या उद्योगात माझा शेरा टिकला नाही आणि पुतण्याची चार सप्तकेही टिकली नाहीत, हे वाचकांना आधीच सांगून टाकतो.

हा गायक आपल्याला अगदीच परका नव्हे. मूळ नाव फारुख बुलसारा. पारशी कुळातला, १९४६ साली झांजिबारला जन्मलेला. पण शाळा आपल्या पाचगणीची, सेंट पीटर्स. तिथेच पियानोवर त्याचा हात बसला आणि तिथेच सोबत्यांना घेऊन त्याने 'हेक्टिक्स' नावाचा पहिला मेळा जमवला. पुढे लंडनला 'क्वीन' निघाली आणि पाचगणीचा हा मुलगा जगाचा झाला.

आता मोजमाप. २०१६ साली युरोपातील काही शास्त्रज्ञांनी त्याच्या ध्वनिमुद्रणांची यंत्रांवर तपासणी केली. खाली काळी तीन, वर पांढरी पाच. मधले अंतर सदतीस अर्धस्वरांचे. म्हणजे तीन सप्तके आणि वर एक स्वर. तीन सप्तकांच्या पेटीत सदतीस पट्ट्या असतात. हा गळा त्या पेटीला जेमतेम एका पट्टीने ओलांडतो. चार सप्तके त्यांना आढळली नाहीत. शिवाय बोलण्याच्या आवाजावरून हा मनुष्य मूळचा खर्जाकडे झुकणारा, ज्याला तिकडे बॅरिटोन म्हणतात तसा, असावा असे त्यांनी अनुमान काढले. तारसप्तकासाठी नावाजलेला गळा मुळात वरचा नव्हताच!

मग तो वर दिसतो कसा? याचे उत्तर गाणी शेजारी शेजारी ठेवल्यावरच मिळते.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' (१९७५) घ्या. काळी पाचमध्ये हे गाणे उघडते, आणि पियानोवरचा पहिला भाग तो मध्य सप्तकात, जवळजवळ कानात सांगावा तसा गातो. पुढे ऑपेराचा गोंधळ माजतो आणि एक स्वर आभाळाला भिडतो. तो स्वर ऐकून माणसे मर्क्युरीला दाद देतात. पण तो आहे ढोल वाजवणाऱ्या रॉजर टेलरचा! त्या भागात वरची बाजू टेलरने, खालची ब्रायन मेने आणि मधली मर्क्युरीने सांभाळली. आपल्या गळ्याची सीमा ओळखून दुसऱ्याच्या गळ्याला जागा देणे, याला मी गायकी म्हणतो.

'समबडी टु लव्ह' (१९७६) मध्ये तो खुल्या आवाजाने चढतो आणि शिखराजवळ आला की चोरट्या आवाजात सरकतो. सांधा मात्र लपवीत नाही, उलट त्याचाच अलंकार करतो. तीन वर्षांनी आलेल्या 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह'मध्ये तोच गळा एल्व्हिसच्या ढंगात खाली उतरतो. इथे उंचीचे नावही नाही, आणि तरी गाणे उणे वाटत नाही. मैफलीत तर तो कित्येकदा ध्वनिमुद्रणातल्या वरच्या जागा टाळून खालून जाई. त्याच्या स्वरतंतूंवर गाठी होत्या आणि शस्त्रक्रिया त्याने टाळली होती. रोज गायचे तर गळा राखूनच गायला हवे.

त्या गाठींपाशी मी थबकलो. आमच्या शेजारची दहा वर्षांची मुलगी एका गाण्याच्या स्पर्धेसाठी तयारी करीत होती. काळी चारमध्ये सुरेल गाई. "वर गेल्याशिवाय टाळ्या पडत नाहीत," म्हणून तिला काळी पाचवर चढवले. महिन्याभरात मुलीचा आवाज घोगरा झाला आणि डॉक्टरांनी मौन सांगितले. सप्तके मोजण्याचा हा छंद दिसतो तितका निरुपद्रवी नाही, तो असा.

शेवटी 'द शो मस्ट गो ऑन' लावले. १९९१ च्या प्रारंभी हे गाणे बाहेर पडले आणि त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला मर्क्युरी गेला. शरीर आजाराने पोखरलेले. याला हे झेपेल का, अशी शंका ब्रायन मेला होती, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. मर्क्युरीने व्होडकाचा घोट घेतला आणि गायला. पेटीवर पाहिले तर त्याची सर्वांत उंच जागा इथे नाही. पण इतरत्र जिथे तो चोरट्या आवाजाचा आडोसा घेतो, तिथे इथे छातीतून, खुला, खरखरीत चढतो. उंचीची वाट त्याने बदलली, आणि त्या वाटेवरची दमछाक लपवली नाही. क्षयाने एक फुप्फुस निकामी झाल्यावर कुमार गंधर्वांनी आखूड दमातून आपली गायकी घडवली, त्याची मला आठवण झाली. जात निराळी, प्रांत निराळा. पण उरलेल्या श्वासाचे मोल जाणणारी माणसे एकाच घराण्यातली.

पुतण्याला मी म्हणालो, "बाबा, तुझा गायक मोठा आहे, पण तू सांगतोस त्या कारणाने नव्हे." तो म्हणाला, "काका, मग आरडाओरड?" मी पेटीचा भाता मिटला आणि चकलीकडे हात नेला.

शेजारची मुलगी आता पुन्हा गाऊ लागली आहे. संध्याकाळी खिडकीतून तिचे स्वर येतात. मी मधूनमधून पेटीवर पट्टी पडताळून पाहतो. काळी चारच आहे.