वर्गांक एक, वाचक अनेक

ग्रंथालयात ग्रंथ असणे आणि तो वाचकाच्या हाती पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांच्यातील अंतर वर्गीकरण आणि तालिकीकरण यांनी कमी करावे, अशी अपेक्षा असते. ड्युई दशांश पद्धती या अपेक्षेला कितपत उतरते, हे एका मराठी ग्रंथाच्या आधारे तपासता येईल.

श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांचा ‘योगसंग्राम’ घ्या. ओवीबद्ध रचना म्हणून तो मराठी काव्याच्या ८९१.४६१ या वर्गांकात बसतो. सूफी विचाराच्या दृष्टीने २९७.४, तर योग व भक्तीच्या दृष्टीने हिंदू धर्माचा २९४.५ हा वर्गांक द्यावा लागेल. तिन्ही निर्णयांचे समर्थन करता येते. परंतु प्रत फळीवर एकाच जागी राहते. काव्याच्या कपाटातील हा ग्रंथ सूफी परंपरेच्या अभ्यासकाला दिसत नाही आणि मराठीत असे साहित्यच नाही, असा चुकीचा निष्कर्ष निघण्याचा धोका असतो.

दोष काही अंशी पद्धतीचा आहे. मेल्विल ड्युई यांनी १८७६ साली मांडलेल्या या पद्धतीत धर्माच्या वर्गातील २२० ते २८० हे सात विभाग बायबल व ख्रिस्ती धर्माला मिळाले. इतर धर्मांसाठी मुख्यतः २९० एवढाच विभाग उरला. १९९६ च्या २१ व्या आवृत्तीत इस्लामच्या २९७ चा विस्तार झाला, हे मान्य केले पाहिजे. तथापि मूळ चौकट टिकून आहे.

मात्र पद्धत बदलल्याने प्रश्न सुटेल, हे म्हणणे पटण्यासारखे नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये बडोद्यास बोलावलेल्या बॉर्डन यांनी कटर आणि ड्युई यांच्या पद्धतींचा मेळ घातला. रंगनाथन यांच्या १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणाने विषयाचे पैलू वेगळे करून जोडण्याची सोय केली. तरीही एका प्रतीला एकच जागा, ही मर्यादा कोणत्याही पद्धतीला चुकत नाही.

खरा उपाय तालिकेत आहे. फळीवर जागा एक असली तरी तालिकेत नोंदी अनेक करता येतात. मराठी काव्य, सूफी विचार, भक्तिसंप्रदाय अशी सर्व विषयशीर्षके द्यावीत. ‘महंमद’, ‘मुहम्मद’, ‘मोहम्मद’ या लेखनभेदांची परस्परांशी सांगड घालावी. संगणकीय तालिकेत यासाठी जागेचीही अडचण नाही. पण तीत केवळ ग्रंथनाम, लेखक आणि वर्गांक भरला, तर जुनी उणीवच नव्या यंत्रात उतरते. वर्गांक देणे हे ग्रंथपालाच्या कामाचा आरंभ आहे, शेवट नव्हे.