शब्दगणना आणि अक्षरगणना : एका सी-आज्ञावलीची मराठीच्या दृष्टीने समीक्षा

ब्रायन कर्निघन व डेनिस रिची यांच्या 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' या ग्रंथाच्या (१९७८; दुसरी आवृत्ती १९८८) पहिल्याच प्रकरणात फाइलमधील ओळी, शब्द व चिन्हे मोजणारी एक छोटी आज्ञावली आहे. युनिक्स प्रणालीतील 'डब्ल्यूसी' या साधनाचे ते सांगाडारूप होय. सी भाषा शिकणाऱ्या बहुतेकांनी ती कधी ना कधी गिरवलेली असते. अवघ्या वीस-पंचवीस ओळींच्या या रचनेचा बांधेसूदपणा वादातीत आहे. एक-एक चिन्ह वाचावे, चिन्हसंख्या वाढवावी, ओळ संपली तर ओळसंख्या वाढवावी, कोरी जागा, टॅब वा ओळीचा शेवट आला की 'आपण शब्दाच्या बाहेर आहोत' अशी नोंद ठेवावी, आणि बाहेर असताना अन्य चिन्ह भेटले तरच नवा शब्द मोजावा. वाचलेले चिन्ह 'कॅर'मध्ये न ठेवता 'इंट'मध्ये ठेवण्याची दक्षताही तीत आहे, कारण फाइलसमाप्तीची खूण कोणत्याही खऱ्या चिन्हाहून वेगळी राहावयास हवी. शब्दाची आपली व्याख्या सैल आहे, हेही ग्रंथकारांनी मोकळेपणाने सांगितले आहे. त्यांच्या वाचकांना मात्र या कबुलीचा बहुधा विसर पडतो.

एका फाइलीत 'मुळशी सत्याग्रह' एवढीच एक ओळ आहे असे समजू. १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाने गाजलेल्या, टाटांच्या धरणाविरुद्धच्या या लढ्याचे नाव वाचणाऱ्यास दोन शब्द व सात अक्षरे दिसतात. आज्ञावली उत्तर देते : ओळ १, शब्द २, चिन्हे ४४. हा आकडा चुकीचा नाही. तो निराळ्याच गोष्टीचा आहे. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. 'मुळशी'त म, उकार, ळ, श व ईकार अशी पाच चिन्हे, म्हणून १५ बाइट. 'सत्याग्रह'मध्ये दोन हलन्तचिन्हे धरून नऊ, म्हणून २७. त्यांत कोऱ्या जागेचा एक व ओळीच्या शेवटाचा एक. १९९१ च्या भारतीय मानकातील इस्की पद्धतीत प्रत्येक चिन्हास एकच बाइट पुरे, म्हणून तेथे याच आज्ञावलीचे उत्तर १६ येते. मजकूर तोच असून आकडा जवळपास तिपटीने बदलतो. यूटीएफ-८ मध्येही ज्या बाइटचे पहिले दोन द्विमान अंक '१०' आहेत ते वगळून मोजले, तर १६ मिळतात. पण सातावर आपण तरीही येत नाही.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. नावासाठी २० बाइटांची जागा राखून ठेवण्याची सवय सीच्या पाठ्यपुस्तकी उदाहरणांतून सर्वत्र पसरली. शेवटचे शून्य वजा जाता तीत देवनागरीची सहाच पूर्ण चिन्हे मावतात. मुळशी तालुक्याचे ठाणे असलेले पौड तीन चिन्हांचे, म्हणून ते सुखरूप राहते. त्याच तालुक्यातील ताम्हिणी मात्र आठ चिन्हांचे, म्हणजे २४ बाइटांचे. ते 'ताम्हि' येथेच तुटते आणि त्यामागे 'ण'चा एक निरर्थक बाइट लोंबकळत राहतो.

मराठीला अक्षरे मोजण्याचे वावडे कधीच नव्हते. पोथीचा विस्तार बत्तीस अक्षरांच्या मापाने सांगण्याची प्रथा जुनी आहे. मोठ्या अभंगाचे चरण तर सहा, सहा, सहा व चार अशा अक्षरसंख्येवरच उभे आहेत. 'मुळशी'चा उच्चार दोन अवयवांत उरकला तरी छंदात अक्षरे तीनच धरली जातात, हे येथे ध्यानी घेण्याजोगे. हे माप आज्ञावलीत उतरविणे अवघड नाही : स्वतंत्र स्वर मोजावा, आणि ज्याच्या लगेच आधी हलन्तचिन्ह नाही असे व्यंजन मोजावे. त्याप्रमाणे वरील ओळीची अक्षरे बरोबर सात भरतात. 'अर्थात्' सारख्या शब्दातील अंत्य हलन्त व्यंजन मात्र वजा करावे लागते.

शब्दगणनेचा दोष याहून खोल आहे. 'मुळशी', 'मुळशीत', 'मुळशीच्या', 'मुळशीकरांनी' ही आज्ञावलीला सारख्याच मापाची चार एकके वाटतात. 'धरणाखाली' हा एक शब्द. तोच कोणी तोडून लिहिला तर दोन. अभंगाच्या शेवटी '॥ १ ॥' असे जागा सोडून छापले तर तीन शब्द वाढतात, जागा न सोडता छापले तर एकच. तेव्हा दोन ग्रंथांची शब्दसंख्या ताडून शैलीविषयी अनुमान काढणारा अभ्यासक पुष्कळदा लेखकाची नव्हे, तर मुद्रकाची शैली मोजत असतो. मोडी कागदांपाशी तर ही व्याख्या पार कोसळते. आधी शिरोरेघ ओढून तिच्याखाली सलग लिहिण्याच्या त्या पद्धतीत शब्दांमध्ये जागाच सोडीत नसत. असा कागद २०१४ साली युनिकोडमध्ये समाविष्ट झालेल्या मोडी संकेतांत जसाच्या तसा उतरवला, तर प्रत्येक चिन्हास चार बाइट लागतील आणि शब्दसंख्या नेमकी ओळसंख्येएवढी निघेल. तेथे शब्द तोडणे हे वाचकाचे, म्हणजे अर्थ लावणाऱ्याचे काम आहे. कोऱ्या जागेच्या शोधाने ते होणारे नाही.

वर सुचविलेला अक्षरगणनेचा नियमही निर्दोष नाही. 'खोऱ्यात' या शब्दातील अर्धा र तीन प्रकारे लिहिलेला आढळू शकतो : 'ऱ' हे एकच चिन्ह घेऊन, साधा र व नुक्ता घेऊन, किंवा र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. पहिल्यात सात चिन्हे व २१ बाइट, उरलेल्या दोहोंत आठ व २४. पहिल्या दोन रूपांत नियम तीन अक्षरे देतो. तिसऱ्यात अदृश्य चिन्ह हलन्त आणि य यांच्यामध्ये येत असल्याने य वेगळा मोजला जाऊन ती चार होतात. ते चिन्ह आधी गाळल्याखेरीज हा नियम चालवता येत नाही.