चित्रातलं धरण आणि आपलं धरण

(भोर येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

विषय दिलाय ‘कलादालनातली नवी प्रदर्शनं’. आता आपल्याला प्रदर्शन बघायचं म्हणजे काय करावं लागतं? एसटीनं स्वारगेट, पुढे पीएमपीनं बालगंधर्व. तेव्हा आपलं ‘जवळचं’ कलादालन म्हणजे पुण्यातलं. गंमत अशी, की तिथं गेल्यावर भिंतीवर पुष्कळदा आपणच असतो. राजगड असतो, तोरणा असतो, भोरचा राजवाडा, नीरेचा घाट, भाताची खाचरं असतात. पावसाळा सरला की निसर्गचित्रांची प्रदर्शनं सुरू होतात आणि भोर-वेल्ह्याशिवाय त्यांचं पान हलत नाही.

या चित्रांना मी सरसकट नावं ठेवणार नाही. जलरंग सोपं काम नाही. कागद ओला असतानाच धुकं साधावं लागतं, एकदा चुकलं की पुसता येत नाही. आपल्याकडे ते हात तयार आहेत. तरीही दहा चित्रं पाहिल्यावर मला अकरावं आधीच दिसायला लागतं.

मागे अशाच एका प्रदर्शनात एका मोठ्या चित्रापुढे उभा होतो. भरलेलं धरण, मागे निळे डोंगर, काठावर एक होडी. दालनाचे शिपाई शेजारी येऊन उभे राहिले. वेल्ह्याकडचे होते. म्हणाले, “साहेब, हे पाणी सप्टेंबरातलं दिसतंय. मे महिन्यात या अंगाला आमचे जुने बांध उघडे पडतात.” एवढं बोलून ते खुर्च्या लावायला गेले. त्या चित्राबद्दल त्या दिवशी एवढं नेमकं दुसरं कुणी बोललं नाही. अभिप्रायाच्या वहीत मात्र ओळीनं लिहिलेलं होतं, ‘खूप सुंदर’.

आता बघा, पुण्यात ‘पानशेत’ म्हटलं की काय आठवतं? १२ जुलै १९६१. धरण फुटलं, पूर आला, पेठा बुडाल्या. ती आठवण खरी आहे, मोठी आहे. पण पूर यायच्या आधी त्याच धरणाच्या पाण्याखाली वेल्हे तालुक्यातली शेतं आणि घरं गेली, ते पानशेत कुठल्या भिंतीवर आहे? आपल्या भाटघरचंही तेच. गेल्या शतकाच्या विसाव्या दशकात वेळवंडी नदीवर ते धरण झालं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कांबरेश्वराचं देऊळ वर येतं, लोक दर्शनाला जातात. चित्रकारही जातात, देऊळ काढतात. पण ते देऊळ पाण्यात का आहे, हा प्रश्न चित्रात उतरत नाही.

‘समकालीन’ हा शब्द आपण शैलीसाठी वापरतो. मोडतोड केली, कॅनव्हासवर पोतं चिकटवलं की समकालीन. माझ्या मते, चित्राला आज कोणता दिवस चाललाय हे ठाऊक असलं पाहिजे. या निसर्गचित्रांतून विजेची तार, मोबाइलचा मनोरा, पत्र्याची शेड, ‘प्लॉट विकणे आहे’चा फलक हे सगळं वेचून काढलेलं असतं. राजवाडा काढतात तोही असा, जणू चिमणाजीरावांनी १८६९ मध्ये बांधला आणि त्यानंतर तिथं कुणी फिरकलंच नाही. सिनेमावाले त्याचा सेट करतात, चित्रकार त्याचं पोस्टकार्ड करतात.

याला कारणही आहे. दालनाचं भाडं, चौकटी, निमंत्रणपत्रिका, उद्घाटनाचा चहा, हा खर्च चार-सहा दिवसांत भरून काढायचा असतो. घेणाऱ्याला दिवाणखान्यात शांत डोंगर हवा असतो. बुडालेला बांध सोफ्याच्या वर कोण लावणार? चित्रकाराची अडचण मला समजते. पण समीक्षा करायची तर तिथंच थांबून चालणार नाही.

कारण दुसरं करता येतं, हे करून दाखवलेलं आहे. सुधीर पटवर्धनांचं ‘लोअर परळ’ आठवा. बदलता गिरणगाव आहे, पण माणूस गाळलेला नाही. प्रभाकर पाचपुते चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे. तिथली जमीन कोळशाच्या खाणींनी खाल्ली आणि त्यांनी कोळशानंच चित्रं काढली. २०२२ साली त्यांचं काम व्हेनिसच्या बिएनालेत होतं. म्हणजे स्वतःच्या गावाचं दुखणं नीट मांडलं, तर ते जगाला कळतं.

आणि लहान गावात दालन चालत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी औंध दाखवतो. सातारा जिल्ह्यातलं लहानसं गाव. बाळासाहेब पंतप्रतिनिधी राजे होते आणि स्वतः चित्रकारही. १९३८ मध्ये त्यांनी यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारलं. रविवर्मा, धुरंधर आहेतच, हेन्री मूरचं ‘आई आणि मूल’सुद्धा तिथं आहे. संस्थान भोरचंही होतं. आपल्याकडे वाडा उरला, औंधाकडे वाडाही उरला आणि चित्रंही.

मी राजवाड्यात संग्रहालय करा असं म्हणत नाही, ते आपल्या हातात नाही. माझी मागणी लहान आहे. भोर-वेल्ह्यावरचं प्रदर्शन पुण्यात लागलं, की त्यातली दहा चित्रं आठवडाभर इथल्या एखाद्या शाळेच्या सभागृहात लागावीत. पटवर्धनांनी २००८-०९ मध्ये ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांतून फिरवलं होतंच. ते तालुक्यापर्यंत यायला हवं. तुम्ही चित्रापुढे उभं राहून सांगा, इथं बांध होता, इथं आमचा गोठा होता. चित्रकारानं ते ऐकावं. पुढचं चित्र कसं काढायचं ते तोच ठरवेल.

मला वाटतं, तुमच्यापैकी काही जणांकडे यावर सांगण्यासारखं बरंच आहे. माईक मागे द्या, तिकडून सुरुवात करू.