भिंतीवरचा नकाशा आणि विमानाची वाट

जगाच्या नकाशावर दोन दूरच्या विमानतळांमधले अंतर पट्टीने मोजा, प्रमाणाने गुणा, विमानाच्या वेगाने भागा आणि प्रवासाला किती तास लागतील ते सांगा. भूगोल व गणित यांची सांगड घालणारा हा स्वाध्याय वर्गात सहज दिला जातो. हेतू चांगला आहे, पण स्वाध्याय सदोष आहे.

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे उदाहरण घेऊ. मर्केटर प्रक्षेपणाच्या, मध्यभागी अटलांटिक असलेल्या नकाशावर पट्टी ठेवून विषुववृत्तावरचे प्रमाण वापरले, तर उत्तर येते २२,००० किलोमीटरहून अधिक! पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे कोणत्याही दोन ठिकाणांमधले अंतर सुमारे २०,००० किलोमीटरपेक्षा जास्त असूच शकत नाही. मुलाने आकडेमोड बिनचूक करावी, पूर्ण गुण मिळवावेत आणि उत्तर मात्र अशक्य असावे, असा हा प्रकार आहे. प्रत्यक्षात सर्वांत कमी अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. ही बृहद्वृत्ताची वाट सैबेरियाच्या उत्तरेकडील समुद्रावरून, ७५ अंश उत्तर अक्षांशापलीकडून जाते.

यात मर्केटरचा दोष नाही. १५६९ साली त्याने हा नकाशा केला तो होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या खलाशांसाठी. ती दिशा सरळ रेषेत दाखवायची, तर ६० अंश अक्षांशावर अंतरे दुपटीने ताणावी लागतात. दिशेसाठी केलेल्या नकाशावर अंतर मोजायला लावणे, ही चूक आपली.

पुढची पायरी भागाकाराची. एअर इंडियाने २०१६ साली या मार्गावरचे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढले, तरी वेळ कमी झाला; कारण उंचावरचे वेगवान पश्चिमी वारे आता पाठीमागून वाहत होते. हवेतला वेग आणि जमिनीच्या संदर्भातला वेग यांतला फरक शिकवण्याची ही नामी संधी स्वाध्यायात वाया जाते.

शेवटी घड्याळ. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते. पहाटे तीनला निघून साडेचौदा तास उडालेले विमान तिथे त्याच तारखेला पहाटे चारला उतरेल. वेळापत्रकातल्या वेळांची नुसती वजाबाकी करणारा मुलगा म्हणेल, प्रवास एक तासाचा!

स्वाध्याय टाकून देऊ नये, साधन बदलावे. ३० सेंटिमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो सुमारे २९ सेंटिमीटर भरेल. एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. गुणाकार मुलांना करू द्या, आणि उत्तर आल्यावर एक प्रश्न जरूर विचारा: हे शक्य आहे का? आपल्या स्वाध्यायांत नेमका हाच प्रश्न राहून जातो.