उलटणारं घड्याळ आणि थांबणारा काटा

मागच्या व्याख्यानात आपण वेब्लेनपाशी थांबलो होतो. बाहेर पडताना माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं गाठलं. त्याचे वडील एसटीत ड्रायव्हर, पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत. त्यांना घड्याळ द्यायचंय. ‘सर, हप्त्यांवर रिव्हर्सो घेऊ, की सिकोचा क्वार्ट्झ क्रोनोग्राफ?’ पहिलं काही लाखांचं, दुसरं त्याच्या विसाव्या हिश्श्यातही येईल. आज तोच प्रश्न घेऊ.

घड्याळांची परीक्षणं लिहिणारे काय करतात? जाडी, यंत्र, पाण्यात किती टिकतं, यांचा तक्ता मांडतात. एक ‘ड्रेस वॉच’, दुसरं ‘स्पोर्ट्‌स’. माझी तक्रार या दोन खणांबद्दलच आहे.

रिव्हर्सो आलं १९३१ साली. भारतातले ब्रिटिश लष्करी अधिकारी पोलो खेळायचे आणि घड्याळाची काच फुटायची. म्हणून तबकडी चौकटीतच सरकवून उलटी करायची, म्हणजे धातूची पाठ वर येते, अशी युक्ती निघाली. म्हणजे हे मूळचं मैदानातलं घड्याळ! आज ते सूटच्या बाहीखाली बसतं. आपल्याकडे बाही तरी कुठली? अर्ध्या शर्टात, मे महिन्याच्या घामात त्याचा चामडी पट्टा किती दिवस धरणार, हे तक्त्यात नसतं.

आता क्रोनोग्राफ. १९७३ साली विल्यम पोग स्कायलॅबवर गेला तेव्हा त्यानं नासाची अधिकृत परवानगी नसताना सिकोचं ६१३९ सोबत नेलं. सरावात तो त्यावरच वेळ मोजायचा, हात बसला होता. ८४ दिवस ते अंतराळात होतं. याला म्हणतात उपयोग. आपण मात्र क्रोनोग्राफ घेतो आणि त्यावर साधी कुकरची शिट्टीसुद्धा मोजत नाही. टॅकीमीटरची कड तर बहुतेकांना वाचताही येत नाही. मग हाही दागिनाच झाला की! फक्त स्वस्तातला, आणि ‘मी कामाचा माणूस आहे’ असं सांगणारा.

वेब्लेननं १८९९ मध्ये चमच्याचं उदाहरण दिलं. हातानं घडवलेला चांदीचा चमचा आणि यंत्रावरचा ॲल्युमिनियमचा. तोंडात घास दोन्ही सारखाच नेतात. घड्याळात तर गंमत अशी की महागडंच मागे पडतं. चावीचं घड्याळ दिवसाला काही सेकंद चुकतं, साधं क्वार्ट्झ महिन्याला पंधराएक. वर दर काही वर्षांनी यंत्र उघडून तेलपाणी, त्याचा खर्च वेगळाच.

इथपर्यंत मी वेब्लेनबरोबर आहे. विद्यार्थ्यालाही मी तेच ऐकवलं: कर्ज काढू नकोस, सिको घे. तो म्हणाला, ‘सर, बाबांनी आयुष्यभर घड्याळ गाडीच्या वेळेसाठी बघितलंय. परत मिनिटं मोजायचंच यंत्र देऊ?’

मी गप्प झालो. वेब्लेनला दिखाव्याची नजर फार तीक्ष्ण होती, पण देणं म्हणजे काय, हे त्या नजरेत पुरतं मावत नाही. माझे वडील एचएमटीच्या ‘जनता’ला रोज सकाळी चावी द्यायचे. चहा व्हायच्या आधी. घड्याळ स्वस्तच होतं, पण ती दोन मिनिटं कुणाच्या कामाची नव्हती, त्यांची होती. रोज हात लावावा लागतो, हा चावीच्या घड्याळाचा दोष तक्ता नोंदवतो. मी तो गुण समजतो. आणि त्यासाठी लाखो रुपये लागत नाहीत, हेही त्याच ‘जनता’नं दाखवलंय.

म्हणून सल्ला अर्धा बदलला. हप्ते नकोतच. वडील ते कपाटात कुलपात ठेवतील आणि पोराचं कर्ज मनात मोजत बसतील. पण क्रोनोग्राफही नको. दोनच काट्यांचं, चावीचं, परवडणारं काही बघ, म्हटलं. आणि चावीची गुंडी मोठी आहे ना ते आधी तपास. साठीतली बोटं आहेत, स्टिअरिंगनं घट्टे पडलेली.

त्याला हे पटलंय असं नाही. शनिवारी तो वडिलांनाच दुकानात घेऊन जाणार आहे.