बायबलांतील करार

ख्रिस्ती शास्त्राच्या दोन भागांस मराठींत ‘जुना करार’ व ‘नवा करार’ अशीं नांवें आहेत. ग्रंथ न वाचणाऱ्यासही तीं ठाऊक असतात. परंतु करार कोणाचा, कोणाशीं व कशाबद्दल, हा प्रश्न सहसा कोणी करीत नाहीं. आमच्या मतें त्याचें उत्तर हातीं आल्यावांचून या विस्तीर्ण ग्रंथसंग्रहाचें सूत्र ध्यानांत येणें कठीण आहे.

‘करार’ हा शब्द आम्हांस कचेरीच्या कागदपत्रांतून परिचित झालेला. दोन पक्ष, दोघांच्या अटी, आणि एकानें अट मोडली कीं दुसरा मोकळा, असा भाव त्यांत येतो. मूळ हिब्रू शब्द ‘बरीथ’. आणि हिब्रू भाषेंत करार ‘करीत’ नाहींत, ‘कापतात’. या चमत्कारिक प्रयोगावर उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायानें प्रकाश पडतो. अब्रामानें कालवड, शेळी व एडका यांचे दोन दोन तुकडे करून समोरासमोर मांडले आहेत. त्यांमधून चालत जाणें म्हणजे ‘वचन मोडल्यास माझीही हीच गत होवो’ असें म्हणणें, हा अर्थ यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायावरून निघतो. आतां अब्रामानें त्यांतून जावें अशी वाचकाची अपेक्षा. पण त्याला गाढ झोंप लागते, आणि अंधार पडल्यावर धुमसती शेगडी व जळती मशाल एवढ्याच त्या तुकड्यांमधून जातात. शपथेनें बांधला जातो तो देव. माणूस एक पाऊलही टाकीत नाहीं! इतका धीट प्रसंग आमच्या तरी वाचनांत दुसरा नाहीं.

सीनाय पर्वतावरील कराराचें रूप निराळें. तेथें आज्ञा आहेत, लोकांचा होकार आहे, वेदीवर व लोकांवर शिंपडलेलें रक्त आहे. मेंडेनहॉल या अमेरिकन पंडितानें १९५४ सालीं असें मांडलें कीं, हित्ती सम्राट् मांडलिकांशीं जे तह करीत, त्यांच्याशीं याची रचना जुळते: आधीं सम्राटाच्या उपकारांचें कथन, मग मांडलिकाचीं कर्तव्यें, साक्षी, आशीर्वाद व शाप. हें साम्य सर्वांस सारखेंच मान्य नाहीं. तथापि दहा आज्ञांचा आरंभ मिसरांतील दास्यमुक्तीच्या स्मरणानें कां होतो, हें त्यावरून चांगलें उमगतें.

ग्रंथाचा सारा ताण या दोन करारांमध्यें आहे. सीनायचा करार लोक मोडतात. पहिल्यांदा तर पर्वताच्या पायथ्याशींच, सोन्याचें वासरूं करून. इ. स. पूर्वी ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानें यरुशलेम जाळलें. केवळ सौदाच असता तर ग्रंथ येथेंच संपावयास हवा होता. एकोणनव्वदावें स्तोत्र तर उलट देवावरच वचनभंगाचा आरोप करतें. आणि तो गाळला गेला नाहीं, हें संग्राहकांच्या सचोटीचें लक्षण होय. त्याच पडझडीच्या काळचा यिर्मया नव्या कराराची गोष्ट बोलतो: नियम आतां अंतःकरणावर लिहिला जाईल.

येशूनें शेवटच्या भोजनाचे वेळीं प्याल्याविषयीं हाच शब्द उच्चारला, असें लूक व पौल सांगतात. ग्रीक भाषेनें त्यांत आणखी एक भाव आणला होता. तहास ‘सुन्थेके’ हा रूढ शब्द असतां हिब्रू शास्त्राच्या भाषांतरकारांनीं ‘दियाथेके’ निवडला. त्याचा व्यवहारांतील अर्थ मृत्युपत्र. ‘इब्री लोकांस पत्र’ लिहिणारा या श्लेषाचा लाभ घेऊन म्हणतो कीं, तें करणारा मेल्याशिवाय अमलांत येत नाहीं. तुकड्यांमधून जो गेला त्यानेंच मरण पत्करलें, असा अन्वय मग ख्रिस्ती वाचकास लावतां येतो.

एका बाबतींत मात्र आमचा मतभेद आहे. याच पत्रांत पहिला करार जीर्ण झाला असें म्हटलें आहे, आणि असल्या वचनांच्या आधारें यहुदी लोक देवानें टाकून दिले, असें शतकानुशतकें शिकविलें गेलें. वस्तुतः यिर्मयाचा नवा करार इस्राएल व यहूदा यांच्या घराण्यांशींच आहे. आणि देवाचें पाचारण फिरत नाहीं, असें पौल रोमकरांस बजावतो. यहुद्यांस टाकलेले वा शापित म्हणून दाखवूं नये, हें व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेनें जाहीर करण्यास १९६५ साल उजाडावें लागलें.